डाळ न शिजवणारं पाणी

"आपल्याकडे कुठे बर्फ पडतो? मग गाडीत ते अँटीफ्रीझ कशाला? नळाचं पाणी घाला की!"

हे वाक्य मी गेल्या चाळीस वर्षांत इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं आहे, की आता मोजणं सोडून दिलं. बोलणारे काही अडाणी नसतात. त्यात इंजिनिअर असतात, बँकेतले असतात, आमच्या नात्यातले तर बरेच असतात. आणि वरवर पाहता त्यांचं म्हणणं बिनतोड वाटतं. अँटीफ्रीझ म्हणजे गोठू न देणारं. सोलापुरात, नागपुरात, नाशकात गोठणार काय आहे?

मी आयुष्यभर शाळेत इतिहास आणि मराठी शिकवलं. मोटारीतलं मला कळतं असा माझा दावा नाही. पण एखाद्या वस्तूचं नाव तिच्या कामाशी जुळेनासं झालं, की त्यामागे काहीतरी इतिहास असतो एवढं मला माहीत आहे. तो शोधत गेले तर गोष्ट पार १८८८ सालापर्यंत गेली, आणि वाटेत आपल्या स्वयंपाकघरातूनही जाऊन आली. मंडळी, जरा सवडीने वाचा.

आधी मूळ अडचण. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पेट्रोलचा भडका उडतो तेव्हा आतल्या वायूचं तापमान क्षणभर २००० अंश सेल्सिअसच्या वर जातं. ॲल्युमिनियम ६६० अंशांला वितळतं. म्हणजे ही उष्णता सारखी काढून नेली नाही तर इंजिन स्वतःलाच खाईल. ढोबळमानाने सांगायचं तर पेट्रोलमधल्या उष्णतेचा एक तृतीयांश भाग चाकं फिरवतो, एक तृतीयांश धुराबरोबर जातो आणि उरलेला एक तृतीयांश कुणीतरी वाहून न्यावा लागतो. वाहून नेण्याच्या कामाला पाण्यासारखा हमाल नाही. स्वस्त आणि सगळीकडे मिळणाऱ्या द्रवांत पाण्याइतकी उष्णता पोटात घेणारं दुसरं काही नाही. म्हणून सुरुवात पाण्यानेच झाली.

कार्ल बेंझ यांनी जर्मनीत २९ जानेवारी १८८६ रोजी आपल्या तीनचाकी मोटारीच्या पेटंटसाठी अर्ज केला. या गाडीला आपण म्हणतो तसा रेडिएटर नव्हता. सिलिंडरभोवती पाणी होतं, ते उकळायचं, वाफ होऊन जायचं आणि जाताना उष्णता घेऊन जायचं. चुलीवर पातेलं ठेवल्यासारखाच प्रकार. पातेल्यातलं पाणी संपत आलं की वरून ओतायचं.

ऑगस्ट १८८८ मध्ये त्यांच्या पत्नी बर्था बेंझ आपल्या दोन मुलांना, १५ वर्षांचा ऑयगेन आणि १३ वर्षांचा रिचर्ड यांना घेऊन, मानहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी गेल्या. अंतर सुमारे १०० किलोमीटर. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास म्हणून तो प्रसिद्ध आहे. वाटेत औषधाच्या दुकानातून इंधन घेतलं, चांभाराकडून ब्रेकला कातडं लावून घेतलं, हे बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. पण मला त्यातली पाण्याची गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या मायलेकांना वाटेत सारखं पाणी भरावं लागत होतं. खाणावळीतून घेतलं, ओढ्यातून घेतलं, वेळ पडली तेव्हा रस्त्याकडेच्या चरातूनही घेतलं. म्हणजे 'गाडीत कुठलं पाणी घालावं' हा प्रश्न मोटारीच्या पहिल्याच लांबच्या प्रवासात एका बाईसमोर उभा राहिला, आणि तिने मिळेल ते घातलं! त्या वेळी ते चाललंही. कारण पाणी आत फार काळ राहतच नव्हतं.

ते आत राहायला लागलं १९०० नंतर. दाइमलर कंपनीचे विल्हेल्म मायबाख यांनी १९०० साली जी मर्सिडीज गाडी घडवली, तिच्या पुढच्या बाजूला मधाच्या पोळ्यासारखी एक पेटी होती. त्यात ६ मिलिमीटर रुंदीच्या चौकोनी नळ्या होत्या, एकूण ८०७०. नळ्यांच्या आतून वारा वाहायचा आणि नळ्यांमधल्या बारीक फटींतून पाणी. ही आजच्या रेडिएटरची पणजी. आता पाणी वाफ होऊन निघून जायचं नाही. ते इंजिनात तापायचं, पोळ्यात निवायचं, पुन्हा इंजिनात यायचं. पाण्याची गरज निम्म्यावर आली, इंजिनाची ताकद वाढवता आली आणि पुढच्याच वर्षी या गाडीने नीसच्या शर्यती गाजवल्या.

पण तेच ते पाणी महिनोन् महिने त्या बारीक फटींतून फिरायला लागलं, तेव्हा पाण्याचे गुणदोष उघडे पडायला लागले. पहिला दोष गोठण्याचा. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. युरोप-अमेरिकेत हिवाळ्याच्या रात्री गाडी बाहेर राहिली, की सकाळी इंजिनाचं बीड तडकलेलं. दुसरा दोष क्षारांचा आणि तिसरा गंजाचा. पहिला एका रात्रीत गाडी मोडतो म्हणून सगळ्यांना दिसला. दुसरा आणि तिसरा वर्षानुवर्षं आतून पोखरतात, म्हणून त्यांच्याकडे लक्ष जायला वेळ लागला. सगळा घोटाळा इथूनच सुरू होतो.

गोठण्यावर लोकांनी काय काय करून पाहिलं! कुणी पाण्यात कॅल्शियम क्लोराइडचं मीठ घातलं. पाणी गोठेना, पण धातू गंजून गेला. कुणी ग्लिसरीन घातलं, कुणी चक्क मध घातला. सगळ्यात चाललं ते लाकडापासून मिळणारं अल्कोहोल, म्हणजे मिथेनॉल. फोर्डची मॉडेल टी १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीच्या आसपास विकली गेली. तिच्यात, अगदी सुरुवातीच्या थोड्या गाड्या सोडल्या तर, पाणी फिरवायला पंपही नव्हता. तापलेलं पाणी वर चढतं, निवलेलं खाली येतं, या तत्त्वावर ते आपोआप फिरायचं. अशा गाड्यांत हिवाळ्यात मिथेनॉल घालायचे. पण ते ६५ अंशांलाच उकळतं. म्हणजे गाडी जरा तापली की अल्कोहोल उडून जाणार, आणि मालक समजणार की आपली गाडी सुरक्षित आहे. शिवाय ते विषारी, आणि पेट घेणारं.

मग आलं इथिलीन ग्लायकॉल. शार्ल आदोल्फ वुर्त्झ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ते १८५० च्या दशकातच तयार केलं होतं, पण साठ-सत्तर वर्षं त्याला काही कामच नव्हतं. पहिल्या महायुद्धात स्फोटकांसाठी ग्लिसरीन अपुरं पडू लागलं तेव्हा त्याच्या जागी वापरण्यासाठी ग्लायकॉलकडे लक्ष गेलं. ते मोठ्या प्रमाणावर करण्याची विद्या हाती आली आणि १९२७ मध्ये अमेरिकेत 'प्रेस्टोन' या नावाने ते मोटारीसाठी डब्यातून विकायला आलं. जर्मनीत १९२९ मध्ये 'ग्लायसँटिन' आलं. हे ग्लायकॉल १९७ अंशांला उकळतं, त्यामुळे अल्कोहोलसारखं उडून जात नाही. एकदा घातलं की हिवाळाभर टिकतं. जाहिरात अर्थातच हिवाळ्याची होती. नाव पडलं अँटीफ्रीझ. आणि ते चिकटलं ते चिकटलंच.

इथे एक गंमत सांगते. नुसतं, निर्भेळ ग्लायकॉल उणे १३ अंशांलाच गोठतं. पण निम्मं ग्लायकॉल आणि निम्मं पाणी केलं तर ते मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही! दोघं एकेकटे दुबळे आणि एकत्र आले की खंबीर, असं एखाद्या संसारात दिसतं तसंच हे. म्हणून 'जास्त घातलं तर जास्त चांगलं' हा हिशेब इथे चालत नाही.

हा धडा विमानवाल्यांनीही गिरवला. इंग्लंडमध्ये १९३० च्या दशकात रोल्स-रॉइसचं मर्लिन इंजिन तयार होत होतं. आधी त्यांनी बेंझच्या गाडीसारखीच, पाण्याची वाफ करून पुन्हा पाणी करण्याची पद्धत योजली होती. ती भरवशाची ठरली नाही. मग अमेरिकेतून ग्लायकॉल मिळू लागलं तेव्हा त्यांनी निर्भेळ ग्लायकॉल वापरलं. उकळण्याची भीती गेली, पण ग्लायकॉल पाण्याच्या निम्म्याहून थोडीच जास्त उष्णता पोटात घेतं, आणि तापलेलं असताना पेटही घेऊ शकतं. पुढे स्पिटफायर विमानाच्या दुसऱ्या आवृत्तीसाठी जे मर्लिन इंजिन आलं, त्यात ७० टक्के पाणी आणि ३० टक्के ग्लायकॉल घातलं गेलं. म्हणजे फिरून पुन्हा पाणीच मुख्य झालं. फक्त आता त्याला सोबत होती आणि ते दाबाखाली होतं.

दाबाचं आपल्या घरातल्या बायकांना वेगळं सांगायला नको. प्रेशर कुकरमध्ये पाणी १०० अंशांला उकळत नाही, साधारण १२० अंशांपर्यंत जातं, म्हणून डाळ लवकर शिजते. रेडिएटरचं झाकण म्हणजे कुकरची शिट्टीच. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे मोटारींना अशी दाब धरणारी झाकणं बसू लागली. आजच्या गाडीत वातावरणाच्या वर आणखी जवळपास तेवढाच दाब असतो. अशा दाबात निम्मं-निम्मं मिश्रण १२५ अंश ओलांडून गेलं तरी उकळत नाही. महाबळेश्वरला उघड्या पातेल्यात पाणी ९५-९६ अंशांलाच उकळतं हे लक्षात घेतलं, म्हणजे घाट चढणाऱ्या गाडीला या झाकणाचा किती आधार आहे ते कळेल. आणि तापलेल्या गाडीचं झाकण उघडणं म्हणजे शिट्टी न होता भरल्या कुकरचं झाकण ओढणं. वाफ न जाऊ देता कुकर उघडायचा नाही हे घरातली शेंडेफळंही जाणतात, पण रेडिएटरचं झाकण उघडून तोंड-हात भाजून घेणारी मोठी माणसं मी पाहिली आहेत.

आता आपल्याकडे येऊ.

आपल्याकडे मोटार आली तेव्हा अँटीफ्रीझ आलं नाही, कारण त्याच्या डब्यावर हिवाळा लिहिला होता. काश्मीर, लेह सोडलं तर आपला त्याच्याशी संबंध काय? आणि खरं सांगायचं तर त्या वेळच्या गाड्यांना पाणी पचतही होतं. अँबॅसडरमध्ये जे बी-सिरीज इंजिन होतं त्याचं ब्लॉक आणि हेड दोन्ही बिडाचं. रेडिएटर तांब्या-पितळेचा. गळला की डाक लावायचा, तुंबला की उघडून साफ करायचा. पाणी लालसर झालं म्हणजे गंज आलाय, काढून टाका, नवीन भरा. गाड्या कमी पळायच्या, रोज बॉनेट उघडलं जायचं. बोरघाटात गाड्या बॉनेट उघडून वाफा टाकत ओळीने उभ्या असायच्या, ते दृश्य २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण होईपर्यंत आणि त्यानंतरही काही वर्षं कुणालाही नवल वाटण्यासारखं नव्हतं.

पण आपले जुने ड्रायव्हर पाण्याच्या बाबतीत बेफिकीर होते असं मात्र नाही. १९७० च्या दशकात मी वाईजवळच्या एका खेड्यात शिकवत होते. तिथे रात्री मुक्कामी एसटी यायची. तिच्या ड्रायव्हरला सगळे आबा म्हणायचे. सकाळी पहिल्या फेरीआधी आबा पत्र्याचा डबा घेऊन कृष्णेवर जायचे. गाडी उभी राहायची त्या चौकात विहीर होती, अगदी दहा पावलांवर. तरी नदीवर. एकदा मी विचारलं, तर म्हणाले, "बाई, ज्या पाण्यात डाळ शिजत नाही ते गाडीला पाजायचं नाही. आत घर करतं ते."

तेव्हा मी हसले होते, पण त्यांचं बोलणं शंभर टक्के शास्त्राला धरून होतं. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. त्यांच्यामुळे डाळ बोटचेपी होत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि तापवलं की ते भांड्याला पांढरे होऊन बसतात. ज्यांच्या घरी अंघोळीचा तांब्याचा बंब होता त्यांनी आतला तो थर पाहिलेला असेल. बंबाला आतून क्षार धरले की जास्त लाकडं लागायची, कारण तो थर उष्णतेला पलीकडे जाऊ देत नाही. इंजिनात नेमकं हेच होतं. काटा सांगतो गाडी ठीक आहे, आणि थराच्या आड धातू होरपळत असतो. कोकणात जांभ्या दगडातलं पाणी सहसा मऊ, देशावर काळ्या दगडातल्या खोल बोअरचं पाणी बहुधा जड. एकच गाडी रत्नागिरीत आणि सोलापुरात वेगवेगळ्या वेगाने म्हातारी होते ती अशी. जुन्या काळी मोटारीत पावसाचं धरलेलं पाणी घालावं असं सांगत, त्याचंही कारण हेच. आकाशातून पडलेल्या पाण्यात क्षार नसतात.

मग पाणी मऊ असलं की काम झालं का? नाही. गंज उरतोच. बीड, पोलाद, ॲल्युमिनियम, तांबं, डाक असे चार-पाच धातू एकाच पाण्यात बुडलेले असले, की ती एक प्रकारची बॅटरीच होते आणि त्यातला दुर्बळ धातू झिजत जातो. गेल्या चार दशकांत गाड्या हलक्या करायच्या म्हणून इंजिनात आणि रेडिएटरमध्ये ॲल्युमिनियम वाढत गेलं. ॲल्युमिनियम आम्लात झिजतं आणि अल्कलीतही झिजतं, दोन्हीकडून नाजूक. आणि नुसतं ग्लायकॉल घातलं तरी भागत नाही. ते वर्षानुवर्षं तापून हळूहळू आम्ल बनतं. म्हणून ग्लायकॉलमध्ये गंजरोधकं घालावी लागतात. प्रमाणाने ती अगदी थोडी, डाळीतल्या हिंगाएवढी. पण आपल्यासारख्या उष्ण प्रदेशात कूलंट घालायचं ते मुख्यतः त्या हिंगासाठी. तेच गंज थांबवतं. न उकळणं हा त्यावरचा फायदा. आणि न गोठणं, ज्याच्यावरून नाव पडलं, ते आपल्याला जवळजवळ लागतच नाही.

इतिहासाची शिक्षिका म्हणून मला सगळ्यात आवडलेली गोष्ट पुढेच आहे. ही गंजरोधकं जगभर सारखी नाहीत, आणि त्याचं एक कारण पुन्हा पाणीच. युरोपात बऱ्याच ठिकाणी पाणी जड. फॉस्फेट घातलं तर त्याचा त्या क्षारांशी संयोग होऊन गाळ बसतो, म्हणून तिथल्या कंपन्यांनी फॉस्फेट वर्ज्य केलं आणि सिलिकेट ठेवलं. जपानी कंपन्यांना सिलिकेटमुळे पंपाच्या सीलची झीज होते ही काळजी, म्हणून त्यांनी सिलिकेट टाळलं आणि फॉस्फेट ठेवलं. अमेरिकेच्या जुन्या हिरव्या कूलंटमध्ये बऱ्याचदा दोन्ही असत. सिलिकेटवालं जुनं कूलंट साधारण दोन वर्षांत थकतं. १९९० च्या दशकात सेंद्रिय आम्लांवर आधारलेली नवी जात आली. जनरल मोटर्सने १९९५ मध्ये आणलेलं नारिंगी डेक्स-कूल त्यातलं प्रसिद्ध. ही जात पाच वर्षं चालते असं सांगितलं गेलं. गावोगावच्या गोड्या मसाल्यासारखंच हे. जिन्नस थोडे इकडचे तिकडचे, पण एका घराचा मसाला दुसऱ्याच्या आमटीत घातला की चव बिघडते.

इथे तर चवीवरच थांबत नाही. फोक्सवॅगनचं जुनं निळं-हिरवं जी ११ आणि १९९० च्या दशकातलं लाल जी १२ एकत्र केलं की तपकिरी चिखल व्हायचा. पुढे एकमेकांत चालणारी कूलंट निघाली, पण तोवर अनेक रेडिएटर तुंबले. लोक काय करतात? रंग बघतात. लाल संपलं, लाल आणा. पण ग्लायकॉलला मुळात रंगच नसतो, रंग कंपनी घालते, आणि रंगाचा कुठलाही जागतिक नियम नाही. टोयोटाचं लाल फॉस्फेटवालं आणि फोक्सवॅगनचं लाल बिनफॉस्फेटचं. रंगावरून कूलंट निवडणं म्हणजे पुठ्ठ्याच्या रंगावरून पुस्तक निवडणं.

आता हे सगळं लिहायला मी का बसले ते सांगते. गेल्या काही वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये माझा भाचा सोलापूरहून पुण्याला येत होता. गाडीत माझी धाकटी बहीण होती, तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं. भर दुपारी, सावली नाही अशा जागी गाडी बंद पडली. वाफ, वास, मग इंजिनच गेलं. दीड-दोन तास ती दोघं रस्त्याकडेला. बहिणीला रक्तदाब आहे. एका ट्रकवाल्याने तिला आपल्या केबिनमध्ये बसवून पाणी दिलं, म्हणून निभावलं. नंतर इंजिन उघडलं तर आत काय होतं? हेड गॅस्केट गेलेलं, हेड वाकलेलं, आणि मार्गांत तपकिरी लगदा आणि पांढरे क्षार. एका ठिकाणी (नाव घेत नाही) गाडी धुवायला दिली की तिथला मुलगा "साहेब, टॉपअप केलंय" म्हणून बोअरचं पाणी घालायचा. दोन-तीन वर्षं. मधेच एकदा दुसऱ्याच जातीचं लाल कूलंट. आणि गाडी गरम होते अशी तक्रार केल्यावर थर्मोस्टॅट काढून टाकलेला. आपल्याकडचा हा लाडका इलाज. त्याने इंजिन नीट तापतच नाही, पेट्रोल जास्त लागतं, आणि मूळ रोग तसाच राहतो. खर्च झाला तो झालाच, ऑपरेशन पंधरा दिवस पुढे गेलं. भाचा हिशेबाचा पक्का आहे, गाडीची सर्व्हिसिंग वेळेवर करणारा. पण 'पाणी' या रकान्यात काही विचारायचं असतं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आमच्या आबांनी ते नक्की विचारलं असतं.

म्हणून आता माझ्या मंडळींसाठी, जे वाचून आणि जाणत्यांना विचारून कळलं ते थोडक्यात.

गाडीबरोबर आलेलं पुस्तक कपाटातून काढा. त्यात कुठल्या जातीचं कूलंट घालायचं ते लिहिलेलं असतं. तेच घ्या, रंग विसरा. कॅनवर मानक छापलेलं आहे का पाहा. भारतीय आयएस ५७५९, जपानी जेआयएस के २२३४, अमेरिकन एएसटीएम डी ३३०६ अशी ती असतात. ना मानक, ना ग्लायकॉलचं प्रमाण, नुसतं सुंदर हिरवं पाणी, असा स्वस्त कॅन घेऊ नका.

कॅनमधलं तयार मिश्रण आहे की अर्क, हे वाचा. तयार असेल तर त्यात आणखी पाणी घालायचं नाही. अर्क असेल तर तो तसाच ओतायचा नाही, मर्लिनवाल्यांचा अनुभव आठवा. पुस्तकात वेगळं सांगितलं नसेल तर निम्मं-निम्मं.

अर्कात मिसळायला बॅटरीसाठी मिळतं ते डिस्टिल्ड किंवा क्षार काढलेलं पाणी घ्या. चार-पाच लिटरला फार पैसे पडत नाहीत. घरच्या आरओ यंत्राचं पाणी बोअरपेक्षा कितीतरी बरं, पण त्यात थोडे क्षार राहतातच आणि किती ते यंत्रागणिक बदलतं, म्हणून नेहमीसाठी ते नको. रस्त्यात अडलात तर पिण्याचं बाटलीतलं पाणी खुशाल घाला, गाडी वाचणं महत्त्वाचं. मात्र घरी आल्यावर ते सगळं काढून, धुऊन, नवीन भरून घ्या. आधी आत काय आहे ते माहीत नसेल तरीही हेच करा. आणि पातळी सारखी खाली जात असेल तर भरत बसू नका, गळती शोधा.

एक शेवटचं, आणि हे आजी-आजोबांसाठी. ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि भयंकर विषारी असतं. मूत्रपिंडं निकामी करतं. काढलेलं कूलंट अंगणात किंवा गटारात ओतू नका, कुत्री-मांजरं चाटतात. उरलेला कॅन सरबताच्या बाटल्यांजवळ ठेवू नका, आणि पाण्याच्या रिकाम्या बाटलीत तर कधीच भरू नका. लहान मुलांना ते रंगीत सरबतच वाटतं.

असो. लेख लांबला, सवयच आहे. मे महिन्याच्या सुट्टीत जे इकडे गाडीने येणार आहेत त्यांनी निघायच्या आदल्या सकाळी, इंजिन गार असताना, बॉनेट उघडून टाकीवरच्या खालच्या आणि वरच्या दोन रेघांच्या मध्ये पातळी आहे ना, एवढं पाहावं. आणि वाटेत कुणी "टॉपअप करू का?" असं विचारलं, तर आधी त्याला "कुठलं पाणी?" म्हणून विचारावं.